घर द्या, पण गल्ली तोडू नका साहेब

मा. गृहनिर्माण मंत्री साहेब, नमस्कार,

मी पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठावर वाढले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाणी घरात शिरलं तेव्हा पहिली हाक शेजारच्या काकूंनी मारली, आजीला पण त्यांच्याच मुलाने पाठीवर घेऊन बाहेर काढलं. बाबांच्या रिक्षाच्या इंजिनात पाणी गेलं, धाकट्याची दहावीची पुस्तकं चिखलात. पंचनामा झाला, थोडी मदतही मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही, पण आम्ही उभे राहिलो ते शेजाऱ्यांमुळे.

त्या महिन्याची भिशी खरं तर दुसऱ्या एका ताईंना लागलेली, त्यांनी ती आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या माझं बघू पुढं, त्यातून रिक्षा दुरुस्त झाली. आई कामावरून यायला उशीर झाला की धाकटा समोरच्या घरी अभ्यासाला बसायचा आणि तिथेच जेवायचा, कोणाला सांगावं लागत नव्हतं. कोणाच्या घरात काय संपलंय हे सगळ्यांना माहीत असायचं. वीस-वीस वर्षं एकाच नळावर हंडे भरले की असं होतं, एका रात्रीत नाही होत.

मग घरं मिळाली, चिठ्ठ्या काढून. घर पक्कं आहे, संडास घरात आहे, पावसाची भीती नाही, आई अजूनही फरशी पुसताना खुश असते. पण गल्ली चार दिशांना गेली, काकू एकीकडे, भिशीवाल्या ताई दुसरीकडे. मागच्या वर्षी बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा सातव्या मजल्यावर कोणाचं दार वाजवायचं हेच आईला सुचेना. बाबा वाचले, पण ती रात्र मी विसरू शकत नाही.

1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. 2024 च्या जुलैत सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी घुसलं. म्हणजे पुण्यात माणसं हलवायची वेळ परत येणार आहे साहेब.

तेव्हा एवढंच करा. आठ-दहा कुटुंबांना एकत्र अर्ज करू द्या, चिठ्ठी काढायचीच असेल तर घराची नको, गटाची काढा आणि त्यांना एकाच मजल्यावर किंवा निदान एकाच बिल्डिंगमध्ये घरं द्या. खाली एक खोली अंगणवाडीला आणि बचत गटाला ठेवा. याला जास्तीचं बांधकाम फारसं लागत नाही, वाटपाचा नियम बदलावा लागतो, आणि तो तुमच्या हातात आहे.

आपली,
आंबिल ओढ्याकाठची एक मुलगी