ओढ्याची तब्येत गोट्यांखाली पाहा

महोदय,

ओढ्याचे बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पाठवले की तपासणी झाली, असे सर्रास समजले जाते. पण ती बाटली फक्त त्या क्षणापुरते सांगते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. पाण्यात महिनोन्‌महिने वाढणारे किडे मात्र त्या रात्रीचा मार सोसून तिथेच असतात, किंवा नाहीसे झालेले असतात.

म्हणून खळाळत्या, उथळ जागी अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी तळाला टेकवून धरावी. जाळीच्या वर, प्रवाह येतो त्या अंगाचे गोटे पायाने ३ मिनिटे ढवळावेत आणि जाळीत आलेले सगळे पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात सोडावे. पोटाच्या कडांचे नाजूक कल्ले फडफडवणारी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लाय या उडत्या कीटकाची पिल्ले आणि वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या नळीतल्या कॅडिसफ्लाय या दुसऱ्या उडत्या कीटकाच्या अळ्या भरपूर व अनेक जातींच्या दिसल्या, तर ओढा धडधाकट आहे. नुसत्या लालभडक अळ्या नि केसासारखे बारीक गांडूळवर्गीय किडे असतील, तर प्राणवायू तुटपुंजा आहे. त्यांच्या अंगातल्या हिमोग्लोबिनमुळेच ते तिथे तगतात.

पुरानंतर लगेच नमुना घेऊ नये. किडे वाहून गेल्याने चांगला ओढाही आजारी ठरतो. विरघळलेला प्राणवायू भर दुपारी मोजणे ही तर नेहमीची चूक. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, त्यामुळे खरी टंचाई पहाटे, सूर्योदयाच्या आधी कळते. मोजमाप तेव्हाच करावे.

– एक वाचक