बागेचं फाटक उघडणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. नमस्कार.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही हातात कैऱ्यांची पिशवी देता आणि विषय बदलता. म्हणून आज इथे, चारचौघांत लिहितेय.

अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. मेढ्याकडचा माणूस, जन्म रानात गेलेला; साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये खिडकीसमोरची भिंत बघत बसायचे. सोसायटीच्या बागेत नेलं, तर 'चाकांनी लॉन खराब होतं' असं ऐकवलं. असं बोलणारे बाबांच्या हातची रोपं फुकट नेऊन लावणारेच होते, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमची तर ओळख ना पाळख. आम्ही रस्त्यावरून तुमची सोनसावर बघत होतो. एक पान नाही, नुसती पिवळीधमक फुलं. तुम्ही फाटक उघडून म्हणालात, "बाहेरनं काय बघताय, आत या की." दुसऱ्या दिवशी गेलो तर वाटेवरच्या कुंड्या कडेला सरकवलेल्या होत्या.

काय काय आहे तुमच्या बागेत! शिंजिराने दोरीला खोपा टांगला म्हणून तुम्ही कपडे गच्चीवर वाळत घालता. मधमाश्या बुडू नयेत म्हणून पाण्याच्या परळात दगड ठेवलेत. मुंगूस आपलंच घर असल्यासारखं कुंपणाखालून ये-जा करतं. आणि ती शिंदळ माकुडी! सज्जनगडाच्या कड्यावरची ही दुर्मिळ वनस्पती मी पहिल्यांदा तुमच्याकडेच पाहिली. आत्ता उन्हाळ्यात नुसत्या निष्पर्ण, मांसल काड्या. "कड्यावरनं उपटून आणलेली नाही हं, रोपवाटिकेतली आहे," हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. पावसाळ्यात तिला चांदणीसारखी तांबूस फुलं येतात, ती बघायला आम्ही येणारच.

पण मला सांगायचंय ते वायवर्णाखालचं. झाड फुलांनी लगडलेलं, पांढऱ्या-पिवळ्या पाकळ्यांतून लांब जांभळट केसर बाहेर आलेले. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात हो?" मला नाही, बाबांना विचारलंत. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून "जेवतात का? झोपतात का?" म्हणायचे. बाबांचे ओठ हलले. "वा... वा..." मी पुढचं बोलणार, तोच तुम्ही मला डोळ्यांनीच गप्प केलंत. झारी खाली ठेवलीत, पायरीवर टेकलात आणि थांबलात. केवढा वेळ! पाण्यावर बुलबुल येऊन गेले, तरी तुम्ही बसूनच.

"वायवर्ण," बाबा म्हणाले.

"आम्हीपण तेच म्हणतो," एवढंच बोलून तुम्ही झारी उचललीत. टाळ्या नाहीत, कौतुक नाही. गड्याने गड्याशी बोलावं तसं.

काकू, पैशाने मदत करणारी माणसं भेटली, त्यांचेही उपकार आहेतच. पण दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारं माणूस आम्हाला एवढ्या मोठ्या गावात तुमच्यातच भेटलं. असा चांगुलपणा कुणी शिकवून येत नाही.

आता बाबांचा एक निरोप. त्यांनी तो स्वतः सांगितलाय, सावकाश, पण पुरा. गावाकडून अंजनीचं रोप आणायचंय, तुमच्या विहिरीशेजारची जागा त्यांनी हेरून ठेवलीय. तुमची हरकत नसेल तर मृगाच्या आधी खड्डा मी घेऊन देते.

तुमची,
वायवर्णाखालच्या आजोबांची लेक