‘महेश्वरी’ नावाने विकणाऱ्याकडे पुरावा मागा

महोदय,

ऑनलाइन बाजारामुळे लहान कारागिराला देशभरचे गिऱ्हाईक मिळाले, असे हल्ली वारंवार लिहिले जाते. ते खोटे नाही. परंतु इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर महेश्वरला विणल्या जाणाऱ्या महेश्वरी साडीपुरते पाहिले, तर या गिऱ्हाइकीतले विणकराच्या पदरात किती पडते, अशी शंका येते.

देवी अहिल्याबाईंच्या राजाश्रयाने वाढलेल्या या साडीचा ताणा (उभा धागा) रेशमी, बाणा (आडवा धागा) सुती, किनार दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशी आणि पदर पट्ट्यांचा असतो. तिला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे हे नाव त्या भागातल्या अस्सल मालापुरते कायद्याने राखलेले आहे. तरीही विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘महेश्वरी साडी’ असे शोधले की यंत्रमागावरच्या, किंबहुना नुसती किनारीची नक्षी छापलेल्या कृत्रिम धाग्याच्या साड्या त्याच नावाने समोर येतात. हातमागावर एक साडी उतरायला कित्येक दिवस लागतात. त्या नकली साड्यांच्या किमतीशी ती स्पर्धा कशी करणार?

प्रश्न केवळ नकलेचा नाही. या संकेतस्थळांच्या रचनेला एका छायाचित्राखाली एकसारखे शेकडो नग हवे असतात आणि ते मागणी येताच रवाना व्हावे लागतात. हातमागावर मात्र रंगाच्या प्रत्येक घाण्यात छटा थोडी बदलते, आणि गिऱ्हाईक ‘फोटोसारखा रंग नाही’ म्हणून साडी परत पाठवते. जाण्यायेण्याचा खर्च आणि अडकलेले भांडवल सोसण्याची ऐपत गोदाम बाळगणाऱ्या व्यापाऱ्याची असते, विणकराची नसते. परिणामी ऑनलाइन दुकान व्यापाऱ्याचे राहते आणि स्वतःचा माग असलेला विणकरही त्याच्यासाठी मजुरीवर विणू लागतो. मधला दलाल जाईल, असे आपल्याला सांगण्यात आले होते!

त्यातच जीएसटीची अडचण. लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना ऑनलाइन विकता येते, पण फक्त स्वतःच्या राज्यात. महेश्वरीच्या चाहत्या पुण्या-नागपुरात असल्या, तरी तिकडे या संकेतस्थळांवरून विकायचे तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावीच लागते.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे आणि त्यात अधिकृत वापरकर्त्यांच्या, म्हणजे ते नाव वापरण्याचा हक्क असलेल्या उत्पादकांच्या, नोंदणीची तरतूद आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार माल वर-खाली कोणत्या निकषांवर दाखवला जातो, हेही या कंपन्यांनी सांगणे बंधनकारक आहे. पण मानांकित नाव वापरणाऱ्याकडून आधीच पुरावा घेण्याची पद्धत कोठे दिसत नाही. शेव-नमकीन विकणाऱ्याकडे अन्न परवान्याचा क्रमांक मागितला जातो. मग ‘महेश्वरी’ किंवा ‘चंदेरी’ असे शीर्षक देणाऱ्याकडे अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी अथवा हातमाग चिन्हाचा (कापड हातमागाचेच असल्याच्या सरकारी खुणेचा) दाखला मागायला काय हरकत आहे? यंत्रमागाची साडी विकू नये, असे माझे म्हणणे नाही; ती यंत्रमागाची म्हणून खुशाल विकावी.

आज नक्कल शोधून तक्रार करण्याचे काम विणकरांवरच येऊन पडते, आणि एक पान हटले तरी तोच माल दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा मांडता येतो. म्हणून ही तपासणी विक्रीपूर्वीच व्हावी आणि त्यासाठी राज्याच्या हातमाग विभागाने अधिकृत वापरकर्त्यांची अद्ययावत यादी या कंपन्यांना स्वतःहून द्यावी.

आपला,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर