जनरेटर पडवीत नको, खळ्यात हवा

तीर्थरूप आई व नाना यांस साष्टांग नमस्कार.

वादळात खांब आडवे झाले की गावाची वीज लवकर येत नाही आणि आईचे इन्सुलिन तर फ्रिजमध्येच ठेवावे लागते. त्यामुळे जनरेटर घेण्याचा नानांचा निर्णय मला पटला. मात्र चोरीच्या भीतीने तो मागच्या पडवीत ठेवून तिथेच चालवायचा बेत आहे, हे फोनवर ऐकल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे माणसाचा श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, झोप येते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना ही लक्षणे कोणालाही ऊन लागल्याचीच वाटतील, आणि घरचे लोक कांद्याचा रस लावून त्या माणसाला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवतील, म्हणजे नेमके जिथे वायू साठला आहे तिथेच. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते.

त्यातून आपले घर धाब्याचे. जाड भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे उन्हाची झळ आत येत नाही, पण आत शिरलेला धूरही लवकर बाहेर पडत नाही. पडवीचे दार उघडे ठेवल्याने किंवा पंखा लावल्याने हा धोका टळत नाही. म्हणून यंत्र घरापासून निदान 6 मीटर, म्हणजे साधारण 20 फूट दूर, खळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात ठेवावे आणि धुराची नळी घराच्या उलट दिशेला असावी. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा असतो, त्यामुळे धूर घराकडे येणार नाही. गोठ्यातही ठेवू नये, कारण हा वायू गुरांनाही सोडत नाही. चोरीसाठी जाड साखळी व कुलूप लावता येईल आणि पावसासाठी चारही बाजूंनी मोकळे असे पत्र्याचे छप्पर घालता येईल. तरीही यंत्र चालू असताना कोणाचे डोके जड झाले, तर कारण शोधत न बसता सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि 108 क्रमांकावर फोन करावा.

दुसरी गोष्ट जोडणीची. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज थेट घरातल्या सॉकेटमध्ये सोडण्याची युक्ती अनेक जण सांगतील. ती मुळीच ऐकू नये. तशी वीज मीटरमधून मागे तारेत जाते, डीपीचा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने काम करू लागतो, 230 व्होल्टचे 11,000 व्होल्ट होऊ शकतात आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकतो. शिवाय गेलेली वीज मध्येच परत आली, तर आपले यंत्रही जळते. ‘मी आधी मेन स्विच पाडीन’ असे नाना म्हणतील, पण रात्री, अंधारात, वादळात ही गोष्ट आठवणीवर सोपवण्यासारखी नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर अशी एकच जोडणी राहते, मग विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच वेळी आर्थिंगही तपासून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालत जावे.

यंत्र 2 केव्हीएचे आहे, म्हणजे त्यावर साधारण 1,600 वॅट चालतील. फ्रिज, कूलर, दोन पंखे आणि दिवे यांना ते पुरेल. बोअरची मोटर मात्र त्यावर लावू नये, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. यंत्र आधी रिकामे चालू द्यावे, मग एकेक उपकरण लावावे आणि बंद करताना आधी उपकरणे काढावीत.

चालू किंवा तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये. नानांना दम धरवत नाही हे मला ठाऊक आहे, तरी यंत्र थंड होईपर्यंत अर्धा तास फ्रिजचे दार न उघडता काढला, तर इन्सुलिनला काही होत नाही. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत नको, झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये, चुलीपासून व देवघरातल्या दिव्यापासून दूर ठेवावे.

इलेक्ट्रिशियनची मजुरी मी पाठवते. स्विच बसेपर्यंत यंत्र सुरू करू नये. तोवर वीज गेलीच, तर इन्सुलिन शेजारी काकूंच्या इन्व्हर्टरवरच्या फ्रिजमध्ये ठेवावे. त्यांच्याशी मी बोलले आहे.

आपली,
माई