झिरो सरकलाय, ये लवकर

मन्या,

फोन उचलत नव्हतो म्हणून चिडला असशील, चीड. तब्येत ठीक, चष्म्याचा नंबर तेवढा बदललाय.

रायफलचा झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागण्याची जुळणी, बिघडलाय; डावीकडे मारतेय रे. १०० मीटरवर ३ सेंटिमीटर, दर वेळी, आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, मात्र पूर्वीइतकाच घट्ट! विखुरल्या असत्या तर वाऱ्यावर नाहीतर माझ्या ट्रिगरच्या बोटावर ढकललं असतं. बापू म्हणतो कशाला काथ्याकूट करतोस, टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची चकती, तीन क्लिक फिरव आणि मोकळा हो. ०.१ मिलचा (मिल म्हणजे कोनाचं माप) एक क्लिक, १०० वर एक सेंटिमीटर, हिशोब चोख आहे त्याचा. पण कारण न कळता फिरवलं आणि उद्या ते कारण आपोआप गेलं तर ६०० वर १८ सेंटिमीटर उजवीकडे जाईल, तेव्हा बापू येणारे का निस्तरायला?

स्क्रू सगळे पाहिले. स्कोप धरणाऱ्या माउंटच्या स्क्रूवर आपण लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती ना, डोक्यावरून खाली रिंगपर्यंत, ती अजून सलग आहे, केसाएवढीही तुटलेली नाही. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासले, तेही जागेवर. नळी साफ केल्यावरची पहिली गोळी वेगळी जाते म्हणून तीही मोजली नाही. दहाचा ग्रुप मारला, हो दहाचाच, हस. तीन गोळ्यांत झिरो झाला म्हणून तू अख्खी दुपार माझ्याशी भांडला होतास, पण तीन गोळ्यांचा मध्य पुढच्या तिनांत स्वतःच सरकतो हे मी मरेपर्यंत म्हणणार.

आता उरले दोन संशयित. एक, काडतुसांचा नवा लॉट, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेली काडतुसं. दुसरा मी. नव्या चष्म्याने क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, काळंभोर दिसतं खरं, पण गाल जरा हलवला की टार्गेटवर ते पोहतं, म्हणजे पॅरालॅक्स नीट बसलेला नाही, फुली आणि टार्गेटचं चित्र एका पातळीत आलेलं नाही. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, पुन्हा जुळवला, कोऱ्या भिंतीकडे क्षणभर बघून, कारण टक लावली की डोळाच जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं स्कोप जुळला. तरी पोहतंय, थोडंसंच. आणि डोकं दर वेळी त्याच जागी ठेवायची सवय असली की चूकसुद्धा दर वेळी त्याच जागी पडणार ना!

म्हणून तू ये. या रायफलवर आपल्या दोघांचा झिरो एका क्लिकच्या आत यायचा, आठवतं? तू झोप तिच्यामागे, दोन्ही लॉट मार. तुझेही दोन्ही डावीकडे गेले तर स्कोप उघडायला देतो, नवाच गेला तर लॉट, एकही नाही गेला तर मी. तोवर टरेटला हात लावणार नाही, बापू कितीही बोंबलो.

नवी नोकरी कशी आहे, वहिनी बरी ना, पोरगं बोलायला लागलं का? सविस्तर लिही. आणि जुन्या लॉटचा तुझ्याकडे उरलेला डबा घेऊन ये, माझ्याकडचा संपत आलाय.

तुझा,
दिन्या