ही हाव नाही, भूक आहे

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. लेकाच्या लठ्ठपणासाठी केलेल्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट दोनदा वाचला. एमसी४आर जनुकात बदल. ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूत याच्या मार्फत पोचतो. तुझ्या लेकात तो निरोप अडतोय, म्हणून हा जेवून तासाभरात पुन्हा फ्रिजपाशी उभा असतो. सुमे, ती हाव नाही, खरी भूक आहे. तान्हा असताना बाटली संपली की अंग ताठ करून रडायचा, आठवतं? तेव्हा बाळसं म्हणून कौतुक करणारेच आज ‘आईनं लाडावून ठेवलंय’ म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

१९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांना एकाच कुटुंबातली दोन मुलं सापडली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन तयारच होत नव्हतं. त्यांतल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तशी भूक आवरली आणि वजनही उतरलं. वळण लावायला आई कमी पडली नव्हती.

आता तुझा खरा घोर, हृदयाचा. लठ्ठपणात रक्तदाब चढतो त्यात याच एमसी४आरचा हात असतो. ते जनुक हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ताण देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. ते मंद असेल तर वजनाच्या मानाने रक्तदाब कमी राहतो, हे २००९ साली दिसून आलं. जनुकांमुळे येणाऱ्या लठ्ठपणाच्या सगळ्याच प्रकारांत असं नसतं. आल्स्ट्रॉम सिंड्रोम या तसल्याच एका दुर्मिळ आजारात तान्हेपणीच हृदयाचा स्नायू दुबळा पडू शकतो. म्हणून नेमकं जनुक कळलं हे फार बरं झालं. तरी निर्धास्त राहू नकोस. साखर तपासत राहा, आणि तो घोरताना मध्येच श्वास थांबतो म्हणालीस, ते आधी दाखव. झोपेत ऑक्सिजन कमी पडला की त्याचा भार हृदयावर येतो.

आणि रक्तदाब घेताना मोठा पट्टा मागून घे. मागच्या खेपेला दंडाला आखूड पट्टा ओढून बसवला होता, वेल्क्रो दोनदा सुटलं, आकडा चढा आला आणि तू रात्रभर जागलीस. पट्टा लहान पडला की आकडा असाच फुगतो. आधी पाच मिनिटं त्याला शांत बसू दे.

जनुकातला हा बदल आई किंवा बापाकडून आलेला असू शकतो, तर तुम्ही दोघंही तपासणी करून घ्या. पण कोणाकडून आला यावरून घरात भांडू नका गं. झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली की कळव. रात्री मी थांबते त्याच्याजवळ, तू झोप.

तुझीच,
मंदा