दुसऱ्या भागात ती मजा नाही

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, चष्मा लावून हे पत्र तुम्हीच वाचा. आईच्या हातात देऊन 'बघ गं, काय म्हणतेय' असं करू नका. फोनवर दोन वाक्यं झाली की तुम्ही 'हां, आईशी बोल' म्हणता, म्हणून कागद घेऊन बसले.

रविवारी चहा न घेता निघाले, ते चुकलंच. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलेही होते. तेवढ्यात वर टीव्हीचा आवाज वाढला आणि मला वाटलं, मुद्दाम वाढवलात. 'बसा मग तिसऱ्या मजल्यावर जुनंच कवटाळून' हे माझ्या तोंडून जायला नको होतं. करी रोडहून कुर्ल्यापर्यंत डोळे पुसत होते. समोरच्या बाईंनी काही न विचारता खिडकी दिली.

पण टायगरचा पहिला भाग सरस की दुसरा, यावर जे बोलले ते सगळं मागे घेत नाही. निम्मं घेते.

'एक था टायगर' उजवा आहे, कबूल. 15 ऑगस्ट 2012, चाळीतलं झेंडावंदन उरकून दादरला गेलो होतो. तुमच्या खिशाला तो कागदी झेंडा तसाच टाचलेला आणि आईच्या पर्समध्ये चकल्या. डब्लिनच्या ट्रामचा प्रसंग आला आणि तुम्ही माझ्या कानात बोरीबंदर ते दादर सगळे स्टॉप सांगायला सुरुवात केलीत. 1964 च्या मार्चअखेरीस शेवटची ट्राम गेली तेव्हा तुम्ही हाफ पॅन्टीत रस्त्यावर उभे होतात, हे पुढच्या रांगेलाही कळलं. त्या पिक्चरमध्ये बंदुकीपेक्षा नजर जास्त चालते. टायगर लेखक बनून प्राध्यापकावर पाळत ठेवतो आणि घर सांभाळणारी ती साधी पोरगीही हेरच निघते, तीसुद्धा पलीकडची. मग भीती शत्रूची राहत नाही, आपापल्या हापिसाची असते. इस्तंबूल काय, क्यूबा काय, दोघं पळतात ते आपल्याच साहेबांपासून.

दुसऱ्या भागात, 'टायगर जिंदा है'मध्ये, आपली रॉ आणि पाकिस्तानची आयएसआय एकाच मोहिमेवर निघतात. मग कोण कोणाला फसवतंय हा प्रश्नच संपतो, आणि तो संपला की हेरांच्या गोष्टीत मीठ उरत नाही. ते भरून काढायला बंदुका मोठ्या केल्यात आणि पिक्चर जवळजवळ अर्ध्या तासाने लांबवलाय. बर्फात लांडग्यांशी झुंज लागली तेव्हा तुम्ही 'हा हेर आहे की दारासिंग?' म्हणालात. मी हसले नाही, पण खरं तर हसू आलं होतं.

आईला मात्र दुसराच आवडतो, आणि तिचं आपण दोघांनीही ऐकून घेत नाही. आई, 2014 मध्ये इराकच्या तिक्रितमध्ये केरळच्या 46 नर्स अडकल्या होत्या. जुलैत त्यांचं विमान कोचीला उतरेपर्यंत तू टीव्हीसमोरून हलली नव्हतीस. रिटायर होऊनही रात्रपाळीला बसल्यासारखी. पिक्चरवाल्यांनी गावाचं नाव इक्रित केलं, 25 आपल्या आणि 15 पाकिस्तानी मुली केल्या, आणि तू थेटरातच म्हणालीस, 'अरे, त्या वॉर्डातल्या पेशंटकडे कोण बघतंय?' अख्ख्या पिक्चरवर याहून चांगला शेरा मी ऐकलेला नाही.

बाबा, तुमचा नियम मला पाठ आहे. 1979 ला 'सुरक्षा', 1981 ला 'वारदात', तोच मिथुन, तोच गनमास्टर जी-नाईन, तेच दिग्दर्शक, आणि तरी तुमचे तिकिटाचे पैसे फुकट गेले. तेव्हापासून 'दुसऱ्या भागात ती मजा नाही'. पिक्चर असो, मालिका असो, नाही तर आजीनंतर आईने घातलेलं कैरीचं लोणचं. (आई, हे मी लिहिलं नाही असं समज.) 2017 च्या डिसेंबरात टायगरपुढे मराठी 'देवा'ला थेटरं मिळेनात म्हणून केवढा वाद पेटला होता. तेव्हाही तुम्ही 'आधी आपला, मग त्यांचा' म्हणून शुक्रवारी 'देवा' पाहिलात आणि मंगळवारी टायगरला आलात, तेही आधीच तोंड वाकडं करून.

रविवारी मात्र तुम्ही 'दुसऱ्या भागात' म्हणालात आणि थांबलात. श्वास घेतलात. मग 'ती मजा' म्हणालात, परत थांबलात. 'नाही' हा शब्द यायला किती वेळ लागला! मी भांडले ती त्या थांबण्याशी भांडले, बाबा. पिक्चरशी माझं काय वैर आहे?

आणि तुम्ही बाथरूमला गेलात तेव्हा आईने मला कालनिर्णय दाखवलं. दुधाच्या हिशेबाशेजारी तिच्या त्या बारीक अक्षरात तुमच्या ऑक्सिजनचे आकडे, 89, 88, 88. जिना चढून आलात त्या दिवशी 84, आणि त्याला लाल गोल. आईवर चिडू नका. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापाचे आकडे लिहिले.

आता मुद्द्याचं. त्या दुसऱ्या भागात एक गोष्ट पहिल्यापेक्षा सरस आहे, आणि ती तुम्ही दोन्ही वेळा चहा घ्यायला उठल्यामुळे चुकवलीत. शेनॉयसाहेब, टायगरचे साहेब. गिरीश कर्नाड. पहिल्यात ताठ, कोटातले. दुसऱ्यात त्यांच्या नाकाला नळी आहे. ती मेकअपची नव्हती, त्यांना खरोखरच श्वासाचा त्रास होता. पण पिक्चरमध्ये कोणी त्यांना 'तुम्ही आराम करा' म्हणत नाही. टायगरला शोधून काढायचं तर तेच काढतात. आईचा अजून त्यांच्यावर 'उंबरठा'पासूनचा राग आहे, स्मिता पाटीलला असं कसं वागवलं म्हणून, पण नळी दिसली तशी तीही गप्प झाली होती. ते पुढे 2019 ला गेले, हे तुम्ही लगेच म्हणाल. मला माहीत आहे. पण मधल्या काळात नळी लावून ते सभांना जात होते, चारचौघांत, फोटो निघत असताना. आणि आपल्याला गॅलरीत शेजारच्या काकांसमोर लाज वाटते!

तर मी दोन गोष्टी करून टाकल्या आहेत. विचारून करायला हव्या होत्या, पण विचारलं असतं तर तुम्ही गणपतीपर्यंत लांबवलं असतं, मग दिवाळीपर्यंत.

पहिली, ऑक्सिजनचं मशीन शुक्रवारी येतंय. दुसरी, आमच्याच सोसायटीत बी विंगला पहिल्या मजल्यावरची जागा अकरा महिन्यांसाठी घेतली. ॲग्रीमेंट झालं, डिपॉझिट दिलं. दादाला सांगितलंय. तो आधी गप्प बसला आणि मग 'बरं केलंस' म्हणाला, म्हणजे त्याचं तुम्हाला माहीतच आहे.

लालबागची खोली विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. किल्ली तुमच्याच जानव्याला राहील. गणपतीचे दिवस तिथेच काढायचे. आरतीला तुमची जागा खांबाजवळ असते, तिथे दुसरं कोणी उभं राहिलं तर मी स्वतः उठवीन. मी तुम्हाला चाळीतून काढत नाहीये. जिन्यातून काढतेय. बावन्न पायऱ्या आहेत, मी लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मोजल्यात. तेव्हा तुम्ही मला घेऊन न थांबता चढायचात आणि वर पोचल्यावर 'तिकीट?' विचारायचात. मी तुमच्या कानाला चिमटा काढायचे, ते तिकीट.

इथे लिफ्ट आहे, पण पहिलाच मजला घेतला, लिफ्ट बंद पडली तरी चालेल असा. गॅलरी लहान आहे, खरं आहे, पण सकाळचं ऊन येतं आणि खाली रिक्षा स्टँड आहे, म्हणजे भांडणं ऐकायला मिळतील. पेपर साडेसहाला येतो. मासळी बाजार दहा मिनिटांवर. कोळीणबाईंना मी आईबद्दल सांगून ठेवलंय, 'ती डोळे बघून घेते, फसवू नका.' आई, कमोडला धरायला दांडी बसवून घेतली आहे. तुझे गुडघे तू लपवतेस, पण उठताना 'अगं बाई' म्हणतेस ते मला ऐकू येतं. स्वयंपाकघराचा ओटा थोडा उंच आहे, त्यासाठी पाट आणलाय. देव्हारा पूर्वेलाच लागेल, मोजून बघितलं.

आता ऐका. यात वाद नको.

मशीन सिलिंडरसारखं संपत नाही. खोलीतलीच हवा घेतं, नायट्रोजन बाजूला काढतं आणि ऑक्सिजन नळीतून देतं. डॉक्टरांनी दोन लिटर सांगितलंय, रोज निदान पंधरा तास, झोपेचे धरून. बाबा, 'जास्त लावलं तर जास्त बरं वाटेल' म्हणून आकडा वाढवायचा नाही. तुमच्या आजारात तसं करणं उलटं पडतं, आतली दूषित हवा साठते. नळी पंचवीस फुटी आहे, गॅलरीपर्यंत आरामात पोचते. फक्त देव्हाऱ्यापाशी आणि गॅसपाशी नळी लावून जायचं नाही. निरांजन आई लावेल, तुम्ही लांबून नमस्कार करा, देव काही म्हणणार नाही. फिल्टर दर रविवारी धुवायचा, ते मी करीन. वीज गेलीच तर छोटा सिलिंडर कपाटाशेजारी ठेवलाय. आणि ती तपकीर. आई, ती तांदळाच्या डब्यात आहे, मला रविवारी सापडली. आजच फेक.

शनिवारी दहाला टेम्पो येईल. तुम्ही काहीही उचलायचं नाही, खुर्चीत बसून कोणी काय कुठे ठेवायचं ते सांगा. शेनॉयसाहेबांनी तरी वेगळं काय केलं? तांब्याचा हंडा आणि ट्रंक आधी. ट्रंकेत काय आहे ते मी बघणार नाही.

रुसलात तर रुसा, पण मुलुंडला येऊन रुसा. इथला चहा मी करीन, आलं जास्त घालून. आणि रविवारी पहिला भागच लावू, ट्राम येईल तेव्हा स्टॉप सांगा. माझ्या पोराला बोरीबंदर म्हणजे काय ते माहीत नाही.

तुमची,
मनी

ता. क. आई, फ्रीजरमधले बोंबील शुक्रवारपर्यंत संपव. टेम्पोत वास मारतील.